झालं म्हणेपर्यंत

१

"टाच टाकायची, पुतळा व्हायचं आणि बायको ‘झालं’ म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. एवढंच माझं काम," असं तिचा नवरा कुणी धंदा विचारला की सांगे. ऐकणारे हसत. त्यांना वाटे, बिचारा संसाराबद्दल बोलतोय.

तो कामाबद्दलच बोलत असे. दोघं नवराबायको मिळून इमारतींचे मजले मोजत. लांबीरुंदी नव्हे, थरथर. हल्लीच्या ऑफिसांत दोन खांबांमधलं अंतर मोठं ठेवतात आणि मधला स्लॅब पातळ. तो पडत नाही, पण कुणी झपाझप चालत गेलं की चार टेबलं पलीकडे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. त्यावर उपाय म्हणजे स्लॅबच्या पोटाशी स्प्रिंगांवर टांगलेलं वजन. मजला वर उठला की वजन मागे ओढतं, मजला खाली दबला की वजन वर राहतं, आणि दोघं एकमेकांची रग जिरवतात. वजन किती, ते अंदाजाने ठरवून भागत नाही. लोखंडी पट्ट्या एकेक करून चढवायच्या किंवा उतरवायच्या आणि दर वेळी मजल्याला विचारायचं.

विचारायचं ते टाचेने. माणसाने दोन खांबांच्या बरोबर मधोमध उभं राहायचं, अंग चवड्यांवर उचलायचं आणि सगळा भार एकदम टाचांवर टाकायचा. धप्प. सेन्सर ती थरथर पकडतो आणि पडद्यावर रेघ उमटते, आधी उंच, मग लहान लहान होत विझणारी. विझणारं शेपूट महत्त्वाचं. त्या वेळात माणूस हलला तर शेपूट बिघडतं. म्हणून नियम असा, की तिने ‘झालं’ म्हटल्याशिवाय त्याने हलायचं नाही. आणि शब्द आलाच नाही, तर रेघ नीट आली नसेल असं समजून थोड्या वेळाने पुन्हा टाच टाकायची.

एकदा ती शेजारच्या खोलीत पाणी प्यायला गेली आणि कुणाशी तरी बोलत राहिली. परत आली तर हा घामाघूम होऊन टाचा आपटतोय. "मास्तरीणबाई," तो म्हणाला, "सुटी द्यायची विसरलात." तो तिला मास्तरीणच म्हणे. घरीसुद्धा, ताटावरून उठायच्या आधी, हात जोडून विचारी, "झालं म्हणता का?"

ती थट्टा गेल्या काही महिन्यांत बंद पडली होती, हे तिच्या लक्षात यायला मात्र वेळ लागला.

२

फोन आला तो एका जुन्या कामावरून. एका ऑफिसच्या मजल्याखाली त्यांनीच सहाएक महिन्यांपूर्वी वजन टांगलं होतं. तेव्हा तिथे नुसतं सिमेंट होतं. आता दोघं तिथे पोचले तर गालिचा, टेबलं, काचेच्या भिंती, सगळं थाटात.

"मॅडम, मजला हलतो असं मी म्हणणार नाही," मॅनेजर म्हणाला. "चालण्याचा तर काहीच त्रास नाही. पण मजला मधूनच धक्का देतो."

"म्हणजे कसा?"

"धप्प. एकदाच. मग सगळं शांत. मग पुन्हा कधीतरी धप्प. आणि चालणारं कुणी नसतं."

"मी तर माझ्या सासूबाईंना आणून बसवणार होते इथे," शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंट बाई म्हणाल्या. जाडजूड, हसऱ्या, पन्नाशीच्या. "त्यांना जिथेतिथे भुतं दिसतात. एखादं खरं तरी निघेल."

"तुम्ही तुमचं काम बघा हो."

"कामच बघतेय साहेब. प्रत्येक धप्पला आकडा चुकतो."

ती हसली आणि खाली वाकून गालिचा बघू लागली. नवीन जागी आधी जमिनीकडे बघायचं, ही तिची सवय. गालिच्यावर माणसांच्या जाण्यायेण्याने वाट पडली होती. दारापासून खिडकीपर्यंत सरळ मोकळी जागा, ना टेबल, ना खुर्ची, ना कुंडी. पण वाट सरळ नव्हती. मध्यावर आली की ती बाजूला वळे आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ होई. नदी खडकाला वळसा घालते तशी.

"इथे पूर्वी काही ठेवलं होतं का?"

"इथे? नाही बुवा," मॅनेजर म्हणाला.

"मग सगळे वळून का जातात?"

"कोण वळून जातं? आम्ही सरळच जातो." असं म्हणत अकाउंटंट बाई उठून चालूनही दाखवू लागल्या. मध्यावर आल्या तशा त्यांनी, बोलता बोलता, गर्दीत कुणाच्या बाजूने निघताना चोरतात तसा खांदा चोरला, आणि पुढे गेल्या. "बघा. सरळ!"

ती जागा दोन खांबांच्या बरोबर मधोमध होती. न मोजताही तिला ते कळलं. तिथेच उभं राहून तिच्या नवऱ्याने त्या वेळी टाचा टाकल्या होत्या.

३

सेन्सर ठेवला, लॅपटॉप उघडला. "चल, घे जागा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो आला, पण एक पाऊल अलीकडेच थांबला. "इथूनच टाकतो."

"मधोमध हवं. तुला काय नव्याने सांगायचं?"

"एवढ्याने काय बिघडतं?" तो म्हणाला, आणि तिथेच अंग चवड्यांवर उचलून त्याने टाचा टाकल्या.

आवाज आला नाही. गालिचा जाड आहे, तिच्या मनात आलं. तिने पडद्याकडे पाहिलं. रेघ सपाट होती.

कारण साधंच असणार. तार सैल असेल. तिने तार काढून परत लावली. "पुन्हा." सपाट. सेन्सर बदलला. "पुन्हा." सपाट. पंख्याच्या वाऱ्यानेही जी रेघ किंचित कापते, ती ऐंशी किलोच्या माणसाने टाचा टाकल्यावर पापणीसुद्धा हलवत नव्हती.

"बाई, जरा येता का?" तिने अकाउंटंट बाईंना बोलावलं.

"वजन लागतंय वाटतं. सांगा, सांगा. या ऑफिसातलं वजनदार माणूस मीच." त्यांनी पदर खोचला, अंग चवड्यांवर उचललं आणि धप्प केलं. रेघ टरारून उठली, डोलली आणि सावकाश विझली. यंत्र अगदी ठणठणीत होतं.

"सेन्सरला मी आवडत नाही," नवरा म्हणाला आणि हसला. मग खालच्या आवाजात, "हे बघ, खालच्या वजनाला दोन पट्ट्या वाढव आणि मोकळी हो. धप्प थांबेल. कशाला खोलात जायचं?" आणि तो वळून दाराकडे चालू लागला.

ती बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने ‘झालं’ म्हटल्याशिवाय तो जागेवरून हलला नव्हता. आज तिने म्हटलंच नव्हतं.

तेवढ्यात तिच्या तळव्यांना धक्का लागला. धप्प. मॅनेजरने दचकून टेबल धरलं. "हेच! हेच ते!" नवरा दारात उभा होता. अकाउंटंट बाई खुर्चीत. मधली जागा रिकामी. आणि पडद्यावर रेघ चढली होती, उंच, स्वच्छ, विझत जाणारी. उंच टोकाच्या अगदी आधी, दाताशेजारी दुसरा छोटा दात उगवावा तसं, एक बारीक टोक.

ते बारीक टोक तिला स्वतःच्या सहीइतकं ओळखीचं होतं. नवऱ्याचा डावा घोटा कधीकाळी मोडला होता आणि नीट सांधला गेला नव्हता. त्याची डावी टाच उजवीच्या किंचित आधी जमिनीला लागे. त्याच्या प्रत्येक रेघेत तो छोटा दात असे. दुसऱ्या कुणाच्या रेघेत तो तिने कधी पाहिला नव्हता.

तिने लॅपटॉप मिटला.

४

"उद्या सुटी आहे ना तुम्हाला?" तिने मॅनेजरला विचारलं. "शांतपणे बघते. माणसं नसताना."

गाडी तीच चालवायची. ती बसली, मग तो बसला, दार लागलं. ती किल्ली फिरवायची थांबली. हा आडवा माणूस बसला की गाडी त्याच्या बाजूला कलायची, आणि ती म्हणायची, "उतर, टायर रडतोय." आज गाडी कलली नाही. परवा कलली होती का? त्याच्या आधी? तिला आठवेना. रोजच्या गोष्टी कधी बंद पडल्या हे सांगता येत नाही.

"काय गं? चल की."

"काही नाही."

वाटेत तिने स्वतःची समजूत घातली. माणूस बारीक होतो. गाडीचे स्प्रिंग कडक होतात. घोट्याची जुनी दुखणी जगात आणखी कुणाला नसतील का? हो, पण रिकाम्या जागी? या प्रश्नाशी तिची समजूत अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

घरी तो सोफ्यावर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. पूर्वी शेजारी बसलं की ती घसरून त्याच्या अंगावर जायची, इतकी त्याच्या बाजूची गादी दबलेली असायची. आता ती सरळ बसून होती. जणू सोफ्यावर एकटीच. तिने त्याचा हात हातात घेतला. हात कोमट होता. नखं त्याचीच, अंगठ्यावरचा व्रण त्याचाच. तिने तो हात आपल्या मांडीवर ठेवला आणि मांडीला त्याचं वजन लागलं नाही.

"बघतेस काय अशी?"

"घोरायचं कधी सोडलंस तू?" तिने विचारलं.

"तूच कटकट करायचीस ना?" तो म्हणाला. "सोडलं."

५

त्या रात्री पडल्या पडल्या तिला ते जुनं काम आठवलं.

तो वरच्या मजल्यावर मधोमध उभा होता, आणि ती खालच्या मजल्यावर शिडीवर, वजनाच्या पट्ट्यांशी. पाइपसाठी स्लॅबला भोक ठेवलं होतं, त्यातून दोघं एकमेकांना ओरडून सांगत. शेवटची पट्टी चढली. वरून धप्प आलं. रेघ इतकी सुरेख विझली, की तिने मनात म्हटलं, आता हात लावायचा नाही. आणि तेवढ्यात बहिणीचा फोन. आईला ऑपरेशनला आत नेलंय, ये. ती शिडीवरून उतरली आणि धावत सुटली.

खाली गाडीत तो बसलेला होता.

तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. याला कुणी सांगितलं, हा कधी उतरला, काही विचारलं नाही. आई वाचली, आणि तो दिवस मागे पडला. आता अंधारात ती एकेक गोष्ट तपासू लागली. भोकातून तिने ‘झालं’ म्हटलं नव्हतं. जिना एकच होता, आणि तो तिच्या शिडीशेजारून जात होता. आणि गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

तिच्या धंद्यात एक चूक फार सहज होते. मापाच्या वेळी मजल्यावर माणूस उभा असेल तर त्याचं अंग थरथर पिऊन टाकतं आणि मजला आहे त्याहून शहाणा दिसतो. म्हणून शेवटचं माप घ्यायचं ते माणूस उतरवून. तिने ते घेतलंच नव्हतं. वजन बसलं होतं ते माणसासकट. माणूस काढला तर तो मजला चालण्याने कुरकुरायलाच हवा होता.

आणि मॅनेजर म्हणाला होता, चालण्याचा तर काहीच त्रास नाही.

ती उठून बसली. शेजारी तो उताणा पडला होता. चादरीवर एकही सुरकुती नव्हती.

६

"मी पण येतो," सकाळी तो म्हणाला.

"नको."

"पट्ट्या वाढवायलाच चाललीस ना? वाढवल्या की संपतं ते. मग कुणाला काही जाणवत नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "चांगलं चाललंय की आपलं."

ती गेली. ऑफिसच्या पहारेकऱ्याने कुलूप उघडून दिलं आणि तो खाली आपल्या खुर्चीत जाऊन बसला. खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. संगणकांवर फडकी घातलेली. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. अशा जागी घाबरायचं म्हणजे हसू यावं.

तिने वाकून वाट पाहिली. वाट जिथे वळसा घेई, तिथे आत गालिचा नवा कोरा होता. फक्त मध्ये त्याचे केस दबले होते. शेजारी शेजारी दोन जागी. रुंद बुटांएवढ्या. डावी किंचित बाहेरच्या बाजूला फिरलेली.

ती बघत होती तेव्हा मागच्या बाजूचे केस उभे राहिले आणि पुढचे आणखी खाली गेले. कुणीतरी अंग चवड्यांवर उचललं होतं. क्षणभर तसंच राहिलं. मग धप्प. तिच्या गुडघ्यांपर्यंत ते आलं, छोटा दात आधी आणि मग सगळा माणूस.

सहा महिने. सुटीच्या दिवशी, रात्री, सगळे घरी गेल्यावर. शब्द आला नाही म्हणून.

तिने हात पुढे केला. हवेतून तो आरपार गेला, काहीच लागलं नाही. फोन वाजला. घरून.

"झालं का काम?" नवऱ्याने विचारलं.

ती दबलेल्या केसांकडे बघत होती.

"ऐक ना. तिथे काही बोलू नकोस. नुसत्या पट्ट्या वाढव आणि ये."

तिने फोन कानापासून दूर धरला. "झालं," ती म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "झालं रे! झालं, सुट!"

गालिच्याचे केस सावकाश वर आले. आधी उजव्या पायाखालचे, मग डाव्या. मग तिच्या जवळ, अगदी जवळ, नवे दोन ठसे पडले. फोन कधीच बंद झाला होता.

लिफ्टमध्ये ती आधी शिरली. तिच्यामागून लिफ्ट हलकेच खाली बसली. ती भिंतीला टेकून हसत होती आणि रडत होती. गाडीचं दुसरं दार तिने स्वतः उघडून धरलं. गाडी त्या बाजूला कलली, पूर्वीसारखी, आणि स्प्रिंग कुरकुरले.

"उतर, टायर रडतोय," ती म्हणाली.

वाटभर ती त्याच्याशी बोलत होती. आईचं ऑपरेशन नीट झालं म्हणून सांगितलं. मजल्याचं पुन्हा माप घ्यायला हवं, तो आता कुरकुरेल, मॅनेजर पुन्हा फोन करणार, तेही सांगितलं. घरी कोण असेल, याचा विचार ती करत नव्हती. तिने एक गोष्ट धरून ठेवली होती. शब्द दिला की सुटतं. म्हणजे घरचाही सुटला असणार, घर आता रिकामं असणार.

७

दार त्यानेच उघडलं.

"आलीस?" तो म्हणाला. अंगात तोच शर्ट, खांद्यावर टॉवेल, कपाळावर ओले केस. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. जिन्याच्या वरच्या पायरीवर, जिथे तिला काहीच दिसत नव्हतं. तो चिडला नाही, ओरडला नाही. घरमालक न सांगता परत यावा आणि भाडेकरू दारात सापडावा, तसा त्याचा चेहरा झाला.

"अच्छा," तो म्हणाला. "मग मी आता कुठे उभा राहू?"

तिने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसताना एका बाजूला जाणारं ओठांचं टोक, दाढीतला पांढरा ठिपका. हा चेहरा मागे जिन्यावर नव्हता. तिथे नुसतं वजन होतं.

तो मागे सरकत दिवाणखान्यात गेला. टेबल बाजूला न सारता, त्याला न लागता, खोलीच्या बरोबर मधोमध गेला. हात शरीराशी सरळ सोडले. आणि शाळेतल्या मुलासारखं तिच्याकडे बघत त्याने टाचा उचलल्या.

तिच्या पाठीमागे पायरी किंचित करकरली. कुणीतरी अंग चवड्यांवर उचलत होतं.

धप्प. मागून. जिन्याचा कठडा झणझणला.

पुढे त्याच क्षणी टाचा टेकल्या आणि काहीच वाजलं नाही.

मग दोघंही निश्चल झाले. शेपूट विझेपर्यंत हलायचं नसतं. तो श्वासही बेताने घेत होता, आणि तिच्या मानेवर मागून बेताने घेतलेला दुसरा श्वास लागत होता. ती उंबऱ्यात उभी होती. एक शब्द होता तिच्याकडे, आणि तो कुणाला ऐकू जाईल आणि कोण सुटेल, हे तिला ठरवता येणार नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि तळहाताने घट्ट दाबून धरलं.

शब्द आला नाही.

थोड्या वेळाने, नियमाप्रमाणे, दोघांनीही पुन्हा टाचा उचलल्या.